चोडणची फिक्स्ड गिअर सायकल : हँडल आणि ब्रेक लिव्हर जुळवण्याचे एक प्रकरण

चतुर्थीला आठ दिवस उरले असताना माझा भाचा आपली सायकल मित्राच्या पिकअपमध्ये आडवी टाकून चोडणहून डिचोलीला माझ्या दुकानात घेऊन आला. त्याच्या उजव्या गुडघ्यावर खरचटल्याची ओली खपली होती आणि सायकलचे हँडल मान टाकल्यासारखे पुढे कलंडले होते. ‘मामा, तू फक्त हँडल घट्ट करून दे,’ एवढेच त्याचे मागणे होते. हे काम पाच मिनिटांचे, परंतु ती सायकल माझ्याकडे नऊ दिवस राहिली आणि चतुर्थी तिने माझ्या पडवीत काढली. त्या नऊ दिवसांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत मी वहीत जी टिपणे ठेवली, त्यांच्या आधारे हे प्रकरण लिहीत आहे. फिक्स्ड गिअर सायकली गोव्यात अजून मोजक्याच दिसतात. पण ज्या दिसतात त्यांच्या हँडलवर हीच चूक थोड्याफार फरकाने मला पुन्हा पुन्हा आढळली आहे.

सायकल आणि तिचा रोजचा रस्ता

फ्रेम जुनी, पोलादी, दहा गिअरच्या जमान्यातली आहे. तिचे मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) आडवे असल्यामुळे चाक पुढेमागे सरकवून चेन ताणता येते, आणि म्हणूनच अशा फ्रेमी फिक्स्ड गिअरसाठी शोधून घेतल्या जातात. पुढे ४६ दात्यांची चकती आहे आणि मागे १८ दात्यांची चक्री. ही चक्री हबच्या आट्यांवर आवळून तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग (चक्री सुटू न देणारी कडी) चढवलेली आहे. फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी चक्री, नसल्यामुळे चाक फिरते तोवर पॅडल फिरतच राहते, पाय थांबवण्याची सोय नाही. ७०० सी मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ही सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला ७८ फेरे होतात आणि उतारावर वेग ताशी ४० वर गेला की १२४. इतक्या गतीने पाय फिरू लागले की बैठक उसळू लागते, आणि उसळणारा माणूस आपला तोल हातांनी धरतो. साध्या सायकलवर उतारात हात विश्रांती घेतात. फिक्स्ड गिअरवर नेमके त्याच वेळी त्यांच्यावर सर्वांत जास्त भार येतो.

भाच्याचा रस्ता असा : चोडणच्या घरापासून फेरीधक्का, फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदर, तिथून पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली बांधलेल्या, सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या बांधावरच्या रस्त्याने पणजी, आणि शेवटी आल्तिनोचा चढ, कारण त्याचे कार्यालय टेकडीवर आहे. बांधाचा रस्ता हातावर पाणी धरावे तसा सपाट आहे, तिथे त्रास फक्त नदीवरून येणाऱ्या वाऱ्याचा. आल्तिनोचा चढ छोटा, पण उभा. धक्क्याचा उतार तर वीस-पंचवीस पावलांचाच असेल, परंतु पावसाळ्यात त्याच्या खालच्या भागावर शेवाळ धरते आणि भरती-ओहोटीप्रमाणे ओली रेघ वरखाली सरकत राहते. सपाट रस्त्यावर वाऱ्याखाली वाकायचे, चढावर उभे राहून हँडल खेचायचे आणि निसरड्या उतारावर मुंगीच्या पावलांनी उतरायचे, अशा तीन वेगळ्या गरजा या एका हँडलने भागवायच्या होत्या.

काय घडले

सकाळची फेरीबोट गाठण्यासाठी तो धक्क्यावरून उतरत होता. त्याचे हात ड्रॉप हँडलच्या, म्हणजे टोके खाली वळलेल्या हँडलच्या, खालच्या वाकात होते, कारण वर धरले की दंड अंगाला चिकटतात आणि सायकल डगमगते, असे त्याने नंतर सांगितले. वेग कमी करण्यासाठी त्याने पॅडलवर उलटा जोर दिला. ओल्या भागावर मागचे चाक जागीच थांबून घसरू लागले. तेव्हा त्याने उजवा हात खालून उचलून वर, स्टेमच्या (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या भागाच्या) शेजारी बसवलेल्या ब्रेककडे नेला. परंतु लिव्हर डाव्या बाजूला होता. सेकंदभर उजवा हात मोकळाच राहिला, शरीराचा सगळा भार डाव्या हातावर आला आणि हँडल स्टेममध्ये फिरून खाली गेले. फेरीवरच्या माणसांनी त्याला उचलले. गुडघा सोलवटला यावरच निभावले, कारण वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. हेच आल्तिनोच्या उतारावर घडले असते तर हे टिपण मी वेगळ्या मनःस्थितीत लिहिले असते.

हे ऐकल्यावर मी त्याला आणखी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, हात दुखतात का? दुखत नाहीत, पण बांध संपेपर्यंत करंगळी आणि अनामिका बधिर होतात, असे उत्तर मिळाले. हे चिन्ह ओळखीचे आहे : तळव्याच्या करंगळीकडच्या टाचेतून जाणारी नस सतत दाबली गेली की याच दोन बोटांना मुंग्या येतात. दुसरी, ब्रेक लागतो का? तो म्हणाला, ‘लागतो, पण दगडासारखा कडक आहे.’ कडक ब्रेक म्हणजे जोरदार ब्रेक, असा त्याचा समज होता. हा समज बहुतेकांचा असतो.

तपासणी

मी हँडल सोडवले आणि स्टेमच्या पकडीतून थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी निघाली. तिच्यावर लाल रंगाचा अर्धा शब्द अजून वाचता येत होता. ही जुळणी ज्या दुकानात झाली तिथल्या माणसाला दोष देण्यापूर्वी व्हर्नियर लावून पाहिला : हँडलचा मधला भाग २५.४ मि.मी. आणि स्टेमचे भोक २६.० मि.मी. दिसायला हा फरक नगण्य आहे, आणि म्हणूनच तो फसवतो. जुन्या इटालियन धर्तीच्या स्टेमला २६.० चे हँडल लागते, शर्यतीच्या धावपट्टीसाठी बनलेली अनेक ट्रॅक हँडले मात्र २५.४ ची असतात, आणि आता बाजारात सहज मिळणारे माप ३१.८ आहे. ०.६ मि.मी.ची पोकळी भरायची तर सभोवार ०.३ मि.मी. जाडीचे अस्तर हवे. डब्याचा पत्रा जेमतेम ०.१ मि.मी. असतो, म्हणजे तीन वेढे लागले असते. इथे एकच होता, आणि तोही पुरा गोल भरलेला नव्हता. तीन वेढे दिलेले असते तरी मी ते ठेवले नसते, कारण उलटा जोर देताना स्वार हँडलवर रेलतो आणि चढावर तेच हँडल दोन्ही हातांनी वर खेचतो. रोज दोन्ही दिशांनी असा पीळ बसणाऱ्या जागी कागदासारखा पत्रा भरवशाचा नाही.

लिव्हरची कथा याहून गुंतागुंतीची निघाली. तो सपाट हँडलच्या डोंगरी सायकलचा होता. अशा हँडलची मूठ २२.२ मि.मी. जाडीची असते आणि लिव्हरची पकड त्याच मापाची. ड्रॉप हँडलची नळी मात्र २३.८ मि.मी. असते. कुणीतरी पकडीच्या फटीत पेचकस घालून ती फाकवली होती, आणि फटीच्या समोरच्या बाजूला, जिथे ॲल्युमिनियम सर्वांत पातळ असते तिथे, केसाएवढी चीर दिसत होती. मी भिंगाखाली धरून ती भाच्याला दाखवली. फाकवलेली पकड वाकातून सरकत नाही, म्हणून लिव्हर सरळ नळीवर, स्टेमला खेटून बसवण्यावाचून त्या माणसाला गत्यंतर राहिले नव्हते. मापाच्या चुकीमुळे जागेची चूक झाली ती अशी.

कडकपणाचे कारण तिसरे. डोंगरी सायकलींवर शिमानोने १९९६ च्या सुमारास आणलेले व्ही-ब्रेक केबल बरीच खेचून घेतात, म्हणून त्यांच्या लिव्हरमध्ये केबलची गोळी आसापासून दूर धरलेली असते आणि लिव्हर साध्या लिव्हरच्या जवळजवळ दुप्पट केबल ओढतो. जास्त लांबी ओढायची म्हणजे तेवढ्याच बोटांच्या जोरात कमी ताण मिळणार; तरफेचा हिशेब कुणाला चुकवता येत नाही. पुढच्या चिमट्यावर (चाक धरणाऱ्या काट्यावर) होता कॅलिपर, म्हणजे रिमला वरून दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेक, ज्याला थोडीच केबल लागते पण ताण भरपूर लागतो. त्यामुळे रबर रिमला चटकन टेकत होते, लिव्हर तिथेच अडत होता, बोटांना तो दगडासारखा लागत होता आणि रिमवर दाब मात्र निम्म्याच्या आसपास पडत होता. उलट चूक, म्हणजे रोड लिव्हरला व्ही-ब्रेक जोडणे, मला कमी धोक्याची वाटते. तिच्यात लिव्हर मऊ लागतो आणि हँडलला टेकतो, म्हणजे निदान माणसाला शंका तरी येते.

राहिला डाव्या-उजव्याचा प्रश्न. सायकलचे सुटे भाग ज्या परदेशी चित्रांवरून जोडले जातात त्यांत पुढचा ब्रेक पुष्कळदा डाव्या हाताला असतो. आपल्याकडे सायकल असो वा बिनगिअरची स्कूटर, पुढचा ब्रेक उजव्या मुठीत असतो. भाचा पावसाचा जोर असला की स्कूटरने जातो. संकटाच्या क्षणी हात विचार करून हालत नाही. धक्क्यावर त्याचा उजवा हात जिकडे गेला, तिकडेच तो दहा वर्षे जात आलेला आहे.

हँडलची निवड

भाच्याला त्याचे ट्रॅक हँडल सोडायचे नव्हते, आणि सुबक दिसते हे त्याचे म्हणणे मला मान्य होते. परंतु ते हँडल ज्या कामासाठी जन्मले ते वेगळे आहे. वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या धावपट्टीवर, सायकलींना ब्रेक नसतात. सगळे एकाच दिशेने, एकाच चढाओढीत धावतात, आणि जोराच्या वेळी हात खालच्या वाकातच असतात. म्हणून ट्रॅक हँडलचा वरचा भाग मधूनच उतरत जातो, मनगटाला अडू नये म्हणून. वर हात ठेवायला किंवा लिव्हरचे रबरी डोके (हात टेकायचा त्याचा वरचा भाग) बसवायला त्याच्यावर सपाट जागाच नसते. शिवाय हे हँडल ३८० मि.मी. रुंद होते आणि भाच्याचे खांदे, हाडापासून हाडापर्यंत मोजले तर, ४३० मि.मी. भरले. गाड्यांमधून वाट काढायला अरुंद हँडल बरे, हे खरे. पण एकाच गिअरवर आल्तिनो चढताना हँडलची रुंदी हीच तुमची तरफ असते, ती कापून टाकली तर तेवढाच जोर कमरेतून काढावा लागतो.

मग त्याने बुलहॉर्नचा आग्रह धरला, म्हणजे बैलाच्या शिंगांसारखे पुढे आलेले हँडल. फिक्स्ड गिअर चालवणाऱ्यांत ते लाडके आहे, आणि त्याला कारण आहे : शिंगे धरून उभे राहिले की चढावर हँडल उत्तम खेचता येते. त्याच्या टोकांत बसणारे उलटे लिव्हरही मिळतात, ज्यांची फुगणारी खुंटी नळीच्या आतून आवळली जाते. दोन दिवस मी या पर्यायाचा खरोखर विचार केला. नकाराचे मुख्य कारण बांधावरचा वारा. बुलहॉर्नला खालची पकड नसते, आणि ऑक्टोबरनंतर दुपारी पणजीकडे जाताना समोरून येणारा वारा ज्याने खाल्ला आहे त्याला वाकायला जागा का हवी हे सांगावे लागत नाही. दुसरे कारण क्षुल्लक वाटेल : फेरीबोटीत सायकल स्कूटरींच्या मध्ये हाताने धरून उभी करावी लागते, आणि पुढे आलेली शिंगे कुणाच्या पिशवीत, कुणाच्या आरशात अडकतात. ज्याचा रस्ता फेरीवरून जात नाही त्याने हे कारण खुशाल सोडून द्यावे आणि बुलहॉर्न घ्यावे.

सपाट हँडल त्याने ऐकूनच घेतले नाही. माझ्या मते धक्क्यापुरते तेच सर्वांत चांगले, पण चालवणार तो आहे.

शेवटी ठरले ते साधे, उथळ वाकाचे रोड ड्रॉप हँडल : रुंदी ४२० मि.मी., पुढचा पल्ला ७५, खालचा वाक १२५. त्याचा मध्य ३१.८ चा असल्यामुळे जुना स्टेम बदलणे आले, आणि इथे गोव्याच्या हवेने दोन दिवस खाल्ले. पोलादी चिमट्याच्या नळीत ॲल्युमिनियमचा स्टेम, मध्ये खारट दमट हवा, ग्रीसचा पत्ता नाही, अशी स्थिती असली की दोन धातू एकमेकांना चिकटतात. वरचा बोल्ट चार आटे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडी मारली, तर खालची पाचर सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज आला, पण स्टेम हालला नाही. दोन रात्री गंज सोडवणारे तेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी भाच्याने पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरले आणि मी जुने हँडल पुन्हा बसवून डावी-उजवीकडे पिळत राहिलो, तेव्हा करकरत तो सुटला. त्याच्या पोटाला पांढऱ्या भुकटीचा थर होता, रांगोळी सांडावी तसा. नळी आतून घासून, ग्रीस भरून २२.२ मि.मी.चा अडॅप्टर (नवा स्टेम जुन्या नळीवर बसवणारा जोड) बसवला, त्याच्यावर समोरून उघडणाऱ्या झाकणाचा ८० मि.मी.चा स्टेम. अडॅप्टर दिसायला जरा बोजड आहे. परंतु झाकण उघडले की हँडल टेप आणि लिव्हरसकट बाहेर येते, आणि पुढे स्टेमची लांबी चुकली असे वाटले तर तासाभरात बदलता येते. पहिल्यांदा जुळणी करणाऱ्याला ही मुभा फार मोलाची असते.

स्टेम जुन्यापेक्षा २० मि.मी. आखूड घेण्याचे कारण सांगायला हवे. पूर्वी हात वर धरले की ते स्टेमच्या रेषेतच असत. आता मुख्य पकड लिव्हरच्या डोक्यावर येणार, म्हणजे स्टेमच्या पुढे हँडलचा पल्ला आणि त्यापुढे डोक्याचा थोडा भाग. लांब स्टेम ठेवला असता तर भाचा सायकलवर आडवा पडला असता आणि बधिरपणा दुणावला असता. याच कारणासाठी हँडल २५ मि.मी. वरही घेतले. अडॅप्टर किंवा क्विल (जुन्या स्टेमची नळीत शिरणारी दांडी) वर ओढताना त्याच्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये, ही तेवढी एक अट आहे आणि तिला अपवाद नाही. झाकणाचे चार बोल्ट तिरप्या जोड्यांनी, वरखाली सारखी फट राखत, स्टेमवर छापलेल्या ५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. मग मी पुढचे चाक भिंतीला टेकवून लिव्हरच्या डोक्यांवर दोन्ही तळव्यांनी सगळे वजन टाकले. हँडल हालले नाही.

लिव्हर आणि केबल

लिव्हर दोन घेतले, कमी केबल ओढणारे, रोड पद्धतीचे. भाचा म्हणाला, ‘मागचा ब्रेक कशाला? पाय आहेत ना.’ वाद रास्त आहे. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांप्रमाणे स्थिर जोडलेले चाक हाच मागचा ब्रेक धरला जातो. फक्त पुढचा मात्र हवाच. त्याला कारणही आहे : थांबताना भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे चाक हलके होऊन घसरते, आणि नुसत्या मागच्या चाकाने, मग ते पायाने अडवा की रबराने, पुढच्याच्या साधारण निम्मीच रोध-शक्ती मिळते. म्हणून एकच ब्रेक लावायचा असेल तर तो पुढे, याविषयी आमचे दुमत नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, की डाव्या हाताला टेकायला डोके हवेच आहे, म्हणजे डावा लिव्हर बसणारच. फ्रेमला मागे ब्रेकचे भोकही आहे. मग रिकामा लिव्हर मिरवण्यापेक्षा त्याला केबल जोडू. चेन उतरली तर पायांचा ब्रेक त्याच क्षणी संपतो, हे मी मुद्दाम दुसऱ्यांदा सांगितले नाही.

पुढच्या कॅलिपरची लांबी पाहावी लागली. ही फ्रेम मुळात २७ इंची चाकांची, म्हणजे रिमवर टायर बसण्याचा व्यास ६३० मि.मी.; ७०० सी चा तो ६२२. त्रिज्येत ४ मि.मी.चा फरक, म्हणून रबर तेवढे खाली पोचले पाहिजे. बोल्टच्या मध्यापासून रिमच्या घासपट्टीपर्यंत ५३ मि.मी. भरले, आणि ४७ ते ५७ मि.मी. पोचणारा कॅलिपर मागवला. जुन्या कॅलिपरमध्ये रबर खाचेच्या तळाला लावूनही वरची कड टायरला घासत होती. टायरच्या बाजूवर तशी रेघ उमटलेली दिसली, आणि आणखी दोन महिने गेले असते तर ती रेघ फाटली असती.

लिव्हर बसवताना चूक माझ्याकडून झाली. जुन्या गोल वाकाच्या हँडलसाठी आम्ही शिकलेला नियम असा, की हँडलच्या खालच्या सरळ नळीला पट्टी लावावी आणि लिव्हरचे टोक त्या पट्टीला टेकावे. हात त्या सवयीने चालले. नव्या उथळ वाकाच्या हँडलवर हा नियम लावला की डोके वाकाच्या पुढच्या बाजूने खाली घसरते, आणि वरच्या नळीवरून डोक्यावर येताना मनगटाखाली खड्डा पडतो. भाच्याने तीन दिवस दुकान ते साखळी गाव अशा फेऱ्या मारल्या आणि सांगितले की बोटे अजून बधिर होतात, फक्त पूर्वीपेक्षा उशिरा. तेव्हा त्याला सायकलवर भिंतीला धरून बसवले, डोळे मिटायला लावले, हात सैल सोडून पुढे टेकायला सांगितले, आणि मनगट व पुढचा हात एका रेषेत येईपर्यंत लिव्हर वर सरकवत गेलो. डोके वरच्या नळीशी सलग सपाट झाले तेव्हा त्याचे खांदे आपोआप खाली आले; तो काही बोलण्याआधी मला ते दिसले. मग खालच्या पकडीतून लिव्हर बोटांत येतो का ते पाहिले : तर्जनी आणि मध्यमा पहिल्या पेराच्या पुढे आल्या, ते पुरेसे होते. दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही हे डोळ्यांवर सोडू नये. दोन्ही डोक्यांवर एक सरळ काठी आडवी ठेवून मागून पाहिले, की ती हँडलच्या रेषेशी समांतर आहे की नाही हे लगेच कळते. आमची उजवी बाजू ४ मि.मी. खाली होती.

केबलविषयी थोडक्यात, परंतु दोन गोष्टी सोडता येत नाहीत. आउटर, म्हणजे केबलचे बाहेरचे आवरण, ब्रेकचाच घ्यावा. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीने घातलेल्या असतात आणि ब्रेकच्या ताणाखाली तो आउटर फाटू शकतो, ब्रेकच्या आउटरची तार वेटोळ्याची असते म्हणून तो टिकतो. आणि इनरच्या, म्हणजे आतल्या तारेच्या, टोकाची गोळी पाहून घ्यावी : रोड लिव्हरला नाशपातीच्या आकाराची लागते, डोंगरीच्या लिव्हरला आडव्या नळकांड्यासारखी. कापलेल्या आउटरचे तोंड कानशीने सपाट करून, आतले प्लास्टिक टोच्याने मोकळे करून घेतले नाही तर सगळा ब्रेक खरखरतो. या कॅलिपरमध्ये केबल स्वाराच्या उजव्या बाजूने शिरते आणि लिव्हरही उजवा, त्यामुळे वळण आवळ येते. मी आउटर थोडा लांब ठेवला आणि हँडल दोन्हीकडे पुरे वळवून पाहिले. केबल बसल्यावर लिव्हर पंधरा-वीस वेळा जोराने दाबला, सैल झालेला ताण पुन्हा ओढला. रबर रिमपासून दोन-दोन मिलिमीटर, पुढची कड किंचित आत. लिव्हर सुमारे एक तृतीयांश आल्यावर ब्रेक धरू लागतो, आणि सगळी ताकद लावली तरी हँडलला टेकत नाही.

टेप शेवटी गुंडाळली, हाताच्या पिळाने ती आवळत जाईल अशा दिशेने, आणि नळीच्या तोंडांत बुचे ठोकली. बुचे ही नखऱ्याची वस्तू नाही. उघडी ॲल्युमिनियमची नळी पडताना मांडीत पाचरीसारखी घुसते.

नंतरचे

धक्क्यावर आम्ही दोघे एकदा ओहोटीच्या वेळी गेलो. तो लिव्हरच्या डोक्यांवर हात ठेवून, उजव्या हाताच्या दोन बोटांनी पुढचा ब्रेक हलकेच धरत आणि पायांनी मागचे चाक रोखत शेवाळाच्या रेघेपर्यंत आला, आणि तिथे उतरला. पुढची आठ पावले तो सायकल हाताने नेतो. ओल्या शेवाळावर पुढचे चाक घसरले तर कुठल्याही लिव्हरचा उपयोग नसतो, हे मी सांगितले नव्हते. त्याचे त्यालाच पटले होते.

दिवाळीनंतर सायकल पुन्हा माझ्याकडे आली. बोटांचा बधिरपणा गेला होता, मात्र वाऱ्याच्या दिवशी बांध संपताना डाव्या करंगळीला थोड्या मुंग्या येतात असे तो म्हणाला. डावे डोके मी आणखी दोन मिलिमीटर आत वळवून दिले. झाकणाच्या चार बोल्टांपैकी एकावर गंज चढू लागला होता, तो बदलला. पुढच्या ब्रेकच्या रबरातल्या खाचा अर्ध्या झिजल्या होत्या. मागची रबरे कोरी होती, साच्यातून निघताना राहिलेला प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा त्यांच्यावर तसाच होता.

‘बघ मामा, मागचा काढून टाक आता,’ तो म्हणाला.

मी काही न बोलता खालची चेन बोटाने मध्यावर दाबली. ती अडीच सेंटिमीटर वरखाली होत होती. पॅडल सावकाश फिरवत राहिलो आणि एका जागी चेन चकतीच्या दात्यावर चढता चढता राहिली. त्याने ते पाहिले. मी मागचे नट सैल केले, चाक ओढून चेन ताणली, एक सेंटिमीटरभर खेळ ठेवून पुन्हा आवळली, आणि मागच्या ब्रेकची रबरे चाकाच्या नव्या जागेप्रमाणे जुळवून दिली.